उम्म सैफचा ताईत

१

शनिवारी सकाळी, दोन दिवसांच्या सुट्टीनंतर, स्टोअरमधल्या तबकावरचा पांढरा कपडा किशोरीने उचलला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. बांगड्या होत्या, पैंजण होते, अंगठ्या होत्या. मधोमध ठेवलेला ताईत तेवढा नव्हता.

ताईत म्हणजे आपल्याकडे दंडाला बांधतात तसला तांब्याचा तुकडा नव्हे. ही तळहाताएवढी चांदीची चपटी डबी होती. खाली घुंगरं, दोन्ही टोकं पक्की बंद, आणि सत्तर वर्षांत चढलेला काळपटपणा. बहला गावच्या उम्म सैफ नावाच्या म्हातारीची ही डबी. मस्कतमधल्या कुरुमच्या लोकवारसा केंद्रात प्रदर्शनापुरती द्यायला ती स्वतः आली होती. तिने डबी किशोरीच्या कानाजवळ धरून हलवली, तेव्हा आत कागद सळसळला होता. उम्म सैफ पाळण्यात तापाने फणफणली असताना तिच्या बापाने स्वतःच्या हाताने लिहिलेली कुराणातली आयत होती ती. कुणी कधी उघडून पाहिली नव्हती. कागद आहे हे त्या आवाजावरूनच कळायचं.

त्या दिवशी खजूर झाले, हलवा झाला, कहवा झाला. मग केंद्राचे संचालक हिलाल सर यांनी लोबानाचं धुपाटणं आणायला सांगितलं. ते दिसताच दारात डुलक्या काढणारा ड्रायव्हर जनार्दन दचकून उठला आणि गाडीचा एसी लावायला पळाला. निघता निघता म्हातारीने डबी ठेवली ती संचालकांच्या हाती नाही, किशोरीच्याही नाही, तर नौशीनच्या हाती.

"तुझ्याशी मला बोलता येतं," ती अरबीत म्हणाली. "तुझ्या हाती देते, तुझ्याच हातून परत घेईन."

२००३ च्या त्या उन्हाळ्यात केंद्रात तीन विद्यार्थी सुट्टीतल्या इंटर्नशिपला आले होते. रत्नागिरीच्या शरीफची मुलगी नौशीन. फोटोंचं वेड असलेला अंबरीश. आणि इरा, किशोरीची सख्खी भाची. ती आईबापांबरोबर सलालाहची हिरवळ बघून आठवडाभर उशिरा रुजू झाली होती. वस्तूंचा सगळा सांभाळ किशोरीकडे असल्यामुळे ही तीन पोरंही तिच्याच पदरात पडली होती.

तबकातल्या काळवंडलेल्या चांदीत एकच बांगडी लख्ख चमकत होती. ती किशोरीच्या डोळ्यांना खुपली. पण ज्याचं घर पेटलंय तो भिंतीवरचा डाग थोडाच बघत बसतो! ती धावत हिलाल सरांकडे गेली.

हिलाल सर तसे भले गृहस्थ. हिंदी झकास बोलायचे, आणि रागावले की आवाज चढण्याऐवजी उतरायचा.

"उम्म सैफ सोमवारी येईल," ते अगदी हळू म्हणाले. "उद्या संध्याकाळपर्यंत मिला तो ठीक. नहीं तो पोलीस. खलास." मग त्यांनी विचारलं, "बुधवारी स्टोअरची चावी किसके पास थी?"

 दारात उभी असलेली नौशीन पांढरीफटक पडली होती.

२

"माझ्याकडेच होती, मॅडम," नौशीन म्हणाली. "जेवल्यावर मी तबक लावलं, ताईत मधे ठेवला, कपडा टाकला. मग नमाजला गेले. चावी तेवढी टेबलाच्या खणात ठेवून. आल्यावर कुलूप लावलं आणि चावी तुमच्याकडे दिली."

"कपडा उचलून बघितलंस?"

नौशीनने मान हलवली. "नाय बघितलं. मीच झाकला होता ना."

"चावी खणात असते हे कोणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना."

हिलाल सरांचा कारकून ओमप्रकाश मध्येच खाकरला. "मॅडम, इसका बाप मत्राह सूकमें चाँदीकी दुकानपे है." हे त्याने काही वाईट हेतूने सांगितलं असं नाही. पण ते वाक्य खोलीत पडलं आणि तिथेच बसून राहिलं.

"बॅग बघू या का?" हिलाल सरांनी किशोरीला विचारलं.

किशोरी नाही म्हणू शकली असती. ती पोरांची प्रमुख होती, तिच्या शब्दाला किंमत होती. पण आपल्याच खात्यातली वस्तू गेलीय, आपण नाही म्हटलं तर कसं दिसेल, असा विचार तिच्या मनात आला, आणि तिने मान डोलावली. सगळ्यांच्या देखत नौशीनच्या बॅगेतला रुमाल, डबा, कंगवा आणि आईने दिलेलं 'पंचसुरा' हे प्रार्थनेचं छोटं पुस्तक टेबलावर मांडलं गेलं. ताईत निघाला नाही. अंबरीश खिडकीबाहेर बघत होता. इरा भिंतीला टेकून नखं खात होती.

दुपारी शरीफ आला. दुकानाच्या सदऱ्यातच होता, कपाळावर घाम होता. खुर्ची पुढे केली तरी बसला नाही.

"बाई, माजी पोर तशी नाय ओ," तो म्हणाला. "इथं येऊन बावीस वर्सं झाली मला. चांदीत हात घालून बसतो, पन एक घुंगरू कदी घरी नेला नाय. सूकात बातमी पोचली. अर्बाबनं, दुकानाच्या मालकानं, मघाशीच इचारलं, शरीफ, तुज्या घरात काय चाल्लंय? पोलिसात नाव गेलं तं तो व्हिसा ठेवंल का माजा? चार मान्सं मी घेऊन कुठं जाऊ?"

"भाई, अजून काही सिद्ध झालेलं नाही."

"इथं सिद्ध व्हायला लागत नाय, बाई," शरीफ म्हणाला. "ईमान लागतो. अर्बाब परतीचं तिकीट हातात देतो, झालं."

तो गेला तरी किशोरी खुर्चीतून उठली नाही. तिला स्वतःची लाज वाटत होती. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचं पहिलं काम आपणच उरकलंय, हे तिला आता कळत होतं. ताईत सापडेल न सापडेल, पण ही पोर वाचली पाहिजे.

तेवढ्यात पँट्रीतून कुणीतरी ओरडलं.

३

ओरडणारा जनार्दन होता. हातात पत्र्याचा रिकामा डबा.

"माझं दंतमंजन कोणी संपवलं? बाई, तुम्हीच न्याय करा! इथं दात घासणारा मी एकटा. पहाटे नखलला गाडी न्यायची म्हणून हा डबा इथं ठेवतो. बुधवारी सकाळी अर्धा होता. आणि आज चहा केला तर गाळण्याला मंजनाचा वास!"

"जनार्दन, इथे काय चाललंय आणि तुमचं काय!" किशोरी वैतागली. मग तिने मुद्द्याचं विचारलं. "बुधवारी दुपारी तुम्ही कुठे होता?"

"अंबरीशला आणि मोठ्या सायबांना घेऊन रुवीला, छापखान्यात. प्रदर्शनाचे बोर्ड आणायला. अंधार पडल्यावर आलो. त्याआधी इराताईंना टॅक्सीला पैसे देऊन सीबला पाठवलेलं, सायबांनीच. गाडी आमच्याकडे ना!" जनार्दन एकदम थांबला. "म्हणजे माझ्यावर पण संशय हाय म्हणा की. पुढच्या आठवड्यात सुट्टीवर चाललोय गावाला, म्हणून?"

"सगळ्यांनाच विचारतेय."

"विचारा, विचारा. कर नाही त्याला डर कशाला." पण त्याचा आवाज दुखावलेला होता.

अंबरीशने उलट दोन शब्द सुनावले. "मॅम, मी निघायच्या आधी तबकाचे फोटो काढले. ताईत तेव्हा होता. बघा ना." त्याने कॅमेरा पुढे केला. छोट्या पडद्यावर तबक दिसत होतं. मधे ताईत, भोवती पैंजण, कडेला बांगड्या. "सॉरी, पण तुम्ही नौशीनची बॅग उघडायला नको होती. शी इज द ओन्ली वन जिला ह्या सगळ्याची पडलीय. पहिल्या दिवशी तुम्ही चांदीबद्दल जे सांगितलं ते तिने इतकं मनावर घेतलं, की मी लेन्सच्या कपड्याने धूळ झटकली तरी माझ्यावर खेकसली."

पहिल्या दिवशी किशोरीने पोरांना सांगितलं होतं, की चांदीवरचा काळेपणा घासायचा नाही. वापरणाऱ्या बाईच्या अंगाची ती खूण असते. ती गेली की वस्तू उरते, बाई जाते.

किशोरीने फोटो पुन्हा पाहिला, आणि ह्या वेळी तिची नजर ताईतावरून ढळून कडेला गेली. बांगड्या सहा होत्या, आणि सहाही काळ्या होत्या.

४

रात्रीचं जेवण मंगलाकडे होतं. मंगला म्हणजे किशोरीची धाकटी बहीण, इराची आई. दोघी दार्सैतला एकाच इमारतीत राहायच्या, वर-खाली. कृष्णाच्या देवळातून येताना मंगलाने फुलं आणली होती, आणि घरभर भाताचा वास होता. इरा ताटात नुसती बोटं फिरवत होती.

"जेव गं," मंगला म्हणाली. "तीन दिवस झाले, पोरीच्या पोटात धड घास नाही. त्या नौशीनचं मनाला लावून घेतलंय हिने."

किशोरीला भाचीचं कौतुक वाटलं. विषय बदलावा म्हणून तिने विचारलं, "बुधवारी सीबला गेलेलीस ना? अंगाई गाणाऱ्या त्या बाईंकडे? कसं झालं?"

"छान झालं, मावशी."

"सांग ना! तुझी पहिलीच भेट ती."

"आय मीन, त्यांनी खूप छान वेलकम केलं. दारातच हातावर रोझवॉटर शिंपडलं. मग ते धुराचं भांडं फिरवलं, सगळ्यांनी धूर घेतला. मग आत बसलो. कॉफी, हलवा, डेट्स. मग त्या आंटीने गाणी म्हटली. खूप वेळ बसलो. पण रेकॉर्डरची बॅटरी गेली. सो, टेपवर काही नाही."

"अय्या, अगदी आपल्या लग्नासारखं!" मंगला खूश झाली. "दारातच अत्तर, गुलाबपाणी!"

किशोरीही हसली. घरी येऊन अंथरुणावर पडली तरी मनात काहीतरी टोचत होतं. पायात मोडलेला काटा दिसत नाही पण पाऊल टेकवू देत नाही, तसं. काय ते मात्र सापडेना.

५

सापडलं ते रविवारी दुपारी. हिलाल सरांकडे निझवाहून पाहुणे आले होते. बोलणी संपली, आणि ओमप्रकाश धुपाटणं घेऊन आत गेला. लोबानाचा वास बाहेर आला मात्र, जनार्दन उठला आणि चपला शोधू लागला.

"कुठे निघालात?" किशोरीने विचारलं.

"गाडी काढतो. धूर आला म्हणजे पाहुणे निघाले."

किशोरी जागच्या जागी खिळली. हे तिला माहीत नव्हतं असं थोडंच आहे! ओमानी घरात आधी खजूर, हलवा, कहवा. गुलाबपाणी आणि लोबान सर्वांत शेवटी. तो धूर म्हणजे यजमानाचा निरोप. त्यानंतर कुणी बसत नाही. आणि इरा म्हणाली होती की आधी धूर झाला आणि मग खूप वेळ बसलो.

इरा मस्कतमध्ये जन्मली, मस्कतमध्ये वाढली. पण शाळा भारतीय, शेजार भारतीय, वाढदिवस भारतीय. ओमानी घराचा उंबरा तिने कधी ओलांडलाच नव्हता. बुधवारीही ओलांडला नव्हता. न पाहिलेलं घर तिने आपल्याकडच्या लग्नाच्या दारावरून रचलं होतं.

पुढचं कोडं आपोआप सुटत गेलं, आणि प्रत्येक गाठ सुटताना किशोरीचा जीव घाबरा होत गेला. फोटोत काळी असलेली बांगडी शनिवारी चमकत होती. चोर बांगडी घासून परत ठेवत बसत नाही. म्हणजे हा चोर नव्हेच, मदतीला धावलेला माणूस. घासलं कशाने? जनार्दनच्या दंतमंजनाने. सणाच्या आदल्या दिवशी देवाची चांदी मंगला कशाने लख्ख करते? बरं, नौशीनने घासली नसती. अंबरीश आणि जनार्दन रुवीला होते. आणि घासायचं नाही हे जेव्हा सांगितलं, तेव्हा एकच मुलगी सलालाहला होती.

किशोरी टॅक्सी करून थेट दार्सैतला आली. बरं वाटत नाही म्हणून त्या दिवशी घरीच राहिलेली इरा दारातच दिसली.

"इरा, सीबच्या बाईंच्या घराचं दार कोणत्या रंगाचं होतं गं?"

इराने तोंड उघडलं, मिटलं, आणि ती हमसून रडू लागली.

"आय वॉज स्केअर्ड, मावशी. एकटीने जायची भीती वाटली. मला अरेबिक येत नाही. मी बॅक गेटने परत आले. तुम्ही सगळे बाहेर, नौशीन प्रेयरला. मला वाटलं, सिल्व्हर किती काळं पडलंय, आई करते तसं क्लीन करू. सरप्राइज. बांगडी एकदम मस्त झाली. मग ताईत घेतला. पाण्यात बुडवला. आणि मग हलवला तर..." 

"तर आवाज आला नाही," किशोरी म्हणाली.

इरा स्वयंपाकघरात गेली. तांदळाच्या मोठ्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून तिने डबी बाहेर काढली. ओल शोषली जावी म्हणून आई मिठात तांदूळ टाकते, हे ती लहानपणापासून बघत आली होती. डबी आरशासारखी चकाकत होती. एक टोक निखळलं होतं. टिश्यूच्या पुडीत निळसर काळा गोळा होता. अक्षर म्हणून त्यावर काही उरलं नव्हतं.

मंगला मागोमाग येऊन डब्याकडे बघत होती. त्याच डब्यातले तांदूळ तिने काल रात्री शिजवले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. आणि करायला गेले गणपती नि झाला मारुती, तेही हेच.

थोड्या वेळाने मंगलाने डोळे पुसले आणि बहिणीचा हात धरला. "ताई, टोक बसवून घेऊ. तू गुपचूप ठेवून दे ना तबकात. सापडली म्हण, कपाटामागे पडली होती म्हण. नौशीनही सुटली, हिचंही काही बिघडलं नाही. सेन्सॉर करून सांगायला काय जातं? पुढच्या महिन्यात पुण्याला ॲडमिशन आहे गं हिची."

किशोरीच्या मनात तो विचार येऊन गेलाच नव्हता असं नाही. हो म्हटलं असतं तर सगळं घरातल्या घरात मिटलं असतं. तिने डबी कानाजवळ नेली आणि हलवली.

"आणि म्हातारीने हलवली तर?" ती म्हणाली. "डबी शेवटी कुणाच्या हाती होती, मंगला? ती नौशीनलाच विचारेल."

मंगलाने हात सोडला. त्यानंतर किती तरी दिवस ती बहिणीशी बोलली नाही.

६

हिलाल सरांनी सगळं ऐकून घेतलं. पोलिसांना फोन करायला उचललेला हात त्यांनी खाली ठेवला. शरीफच्या अर्बाबला मात्र त्यांनी स्वतः फोन केला, आणि पोर निर्दोष आहे हे दोनदा सांगितलं.

"उम्म सैफला इथे बोलवायचं नाही," ते म्हणाले. "तुम्ही जा."

सोमवारी जनार्दनची गाडी डोंगरातून बहलाला निघाली. पुढे किशोरी, मागे इरा आणि नौशीन, मधे रिकामी जागा. नौशीनने यायलाच हवं अशी कुणी सक्ती केली नव्हती. "माझ्या हातून परत घेईन म्हणाली होती ती," एवढंच म्हणून ती गाडीत बसली होती.

उम्म सैफने तिघींना गालिच्यावर बसवलं. सून आत कहव्याची किटली तापवत होती. नौशीनने ओढणीतून डबी काढली आणि दोन्ही हातांनी पुढे केली. म्हातारीने डबीचा चकाकता चेहरा पाहिला. मग कानाशी नेऊन हलवली. पुन्हा हलवली.

इरा बोलू लागली. अरबी तिला येत नव्हती, म्हणून ती मोडक्या मराठीत सांगत होती आणि नौशीन एकेक वाक्य अरबीत करत होती. चांदी कशी घासली. पाणी कसं आत गेलं. डबी घरी कशी नेली. जिच्यावर आळ आला तीच आळ आणणारीचा कबुलीजबाब सांगत होती, आणि तिचा आवाज जराही हलला नाही.

"आणि नौशीनची बॅग चेक केली," इरा रडत म्हणाली, "तेव्हा मी तिथेच होते. मी काही बोलले नाही."

 हे एक वाक्य नौशीनने अरबीत केलं नाही.

"काय म्हणाली ती?" म्हातारीने विचारलं.

"काही नाही, खाला," नौशीन म्हणाली.

किशोरीची अरबी कामापुरतीच होती. सूकात घासाघीस करण्याइतकी, वस्तूंची नावं विचारण्याइतकी. त्या तुटपुंज्या अरबीतच ती म्हणाली, "चोर म्हणून ह्या मुलीची बॅग उघडली. सगळ्यांसमोर. ही माझी भाची गप्प राहिली. आणि उघडा असं म्हणणारी मी."

सून कहव्याची किटली आणि खजुरांचं ताट घेऊन दारात आली होती. उम्म सैफने हात वर करून तिला थांबवलं आणि हळू आवाजात काहीतरी सांगितलं. सून किटली घेऊन मागे वळली. ती परत आली तेव्हा तिच्या हातात धुपाटणं होतं.

अजून कहव्याचा घोटही कुणाच्या पोटात गेला नव्हता.

धूर आधी किशोरीसमोर आला, मग इरासमोर. म्हातारीच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर सोसायला सोपं गेलं असतं. इराने धुराकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं. ह्या वेळी तिला काही सांगावं लागलं नाही. तीच आधी उठली.

नौशीनही उठू लागली, तेव्हा उम्म सैफने तिचं मनगट धरलं आणि तिला आपल्या शेजारी खाली बसवलं. मग सुनेकडे वळून म्हणाली, "आता कहवा आण."

बाहेर ऊन रणरणत होतं. जनार्दन भिंतीच्या सावलीत बसून भाकरीचं फडकं सोडत होता. दोघींना बघून तो चक्रावला.

"एवढ्यात? आणि आमची नौशीन?"

"ती बसली आहे," किशोरी म्हणाली. "तिला वेळ लागेल."

जनार्दनने गाडीचा एसी लावला. मावशी-भाची मागच्या सीटवर बसल्या, मधली जागा तशीच रिकामी ठेवून. घरातून पेल्यांचा किणकिणाट येत होता, आणि म्हातारी नौशीनला काहीतरी लांबलचक सांगत होती. इराने एकदा विचारलं, "मावशी, त्या काय बोलतायत?"

किशोरीने कान देऊन ऐकलं. म्हातारी नौशीनला बापाच्या तोंडून पाठ झालेली ती आयत सांगत होती, आणि नौशीन ती एकेक शब्दाने परत म्हणत होती.